पदविकेकडून पदवीकडे : परिचारिकांचे पुढील शिक्षण

रुग्णाच्या उशाशी रात्रभर जागणारी सिस्टर बहुधा जीएनएम पदविकाधारक असते. ३ वर्षांचे शिक्षण व राज्य परिचर्या परिषदेकडील नोंदणी झाल्यावर तिला पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी आणखी २ वर्षांत मिळविता येते. १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम उपलब्ध आहे.

सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, मानसशास्त्र, परिचर्या प्रशासन व संशोधन हे त्यातील विषय. रुग्णास त्याचा लाभ काय? श्वासाची गती मिनिटाला १६ वरून २६ झाली, हे अनुभवी परिचारिका टिपतेच. परंतु हे गंभीर जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते, हे ओळखून डॉक्टरांना तत्काळ बोलाविण्याचा आत्मविश्वास अशा शिक्षणाने दृढ होतो.

अडचणीही खऱ्या आहेत. शिक्षणकाळात घरी येणारा पगार थांबतो आणि वॉर्डातील एक अनुभवी हात कमी होतो. म्हणूनच आम्ही दात्यांना नम्रपणे सुचवितो की, खाटेसाठी दिलेल्या देणगीइतकेच परिचारिकेच्या शिक्षणासाठी दिलेले दानही मोलाचे आहे. उपकरण कालांतराने जुने होते. शिकलेली सिस्टर मात्र आपले ज्ञान पुढच्या सिस्टरच्या हाती सोपवीत राहते.