घाट उतरणारे चाक

पुण्याहून मुंबईस जाणारी गाडी खंडाळ्याच्या पुढे बोरघाटात शिरली, की प्रवासी खिडक्यांशी गर्दी करतात. कोणी धबधबे पाहतो, कोणी बोगदे मोजतो. गाडीखालच्या चाकांकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. आणि घाटातला खरा झगडा तर तेथेच चाललेला असतो.

हा लोहमार्ग 1863 साली खुला झाला. त्याचा सर्वांत तीव्र उतार असा आहे, की 37 मीटर पुढे जावे तो गाडी 1 मीटर खाली येते. लोणावळ्याहून कर्जतला पोहोचेपर्यंत ती सुमारे 550 मीटर खाली उतरते. तिला बेफाम धावू द्यावयाचे नाही, म्हणून ब्रेकचे ठोकळे चाकांच्या धावांवर दाबले जातात. थंडीत आपण तळहातावर तळहात चोळतो, तसेच हे घर्षण. पण केवढे प्रचंड! 500 टनांच्या गाडीची घाट उतरतानाची सारी शक्ती उष्णतेत बदलली, तर तिच्यावर 8000 लिटरांहून अधिक पाणी उकळेल.

या उष्णतेने चाकाला तडा का जावा? बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. लोहार धाव तापवून लाल करतो. ती प्रसरण पावते व लाकडी चाकावर सहज बसते. मग तिच्यावर पाणी ओततात. धाव आकसते आणि चाकाला अशी आवळते, की लाकूड करकरते. तापलेले लोखंड थंड होताना केवढ्या जोराने ओढ घेते, हे यावरून कळते.

रेल्वेच्या पोलादी चाकात ही ओढाताण एकाच अंगात चालते. ठोकळ्याच्या घर्षणाने वरचा थर तापतो व पसरू पाहतो. आतले थंड पोलाद त्याला पसरू देत नाही. कोंडलेला थर दबून किंचित आखूड होतो. गाडी सपाटीवर आली, चाक निवाले, की तोच थर आपल्या जागेला अपुरा पडतो व ताणला जातो. निर्दोष पोलाद हा ताण पुष्कळ काळ सोसते. परंतु ओतताना आत धातुमळीचा एखादा कण किंवा सूक्ष्म पोकळी राहून गेली असेल, तर सारा ताण त्या जागी एकवटतो. तेथे केसासारखी चीर पडते आणि प्रत्येक फेरीस ती थोडी खोल जाऊ शकते. उष्णतेने नवा दोष निर्माण केला असे म्हणण्यापेक्षा, लपलेला दोष तिने शोधून काढला, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते. शेकडो प्रवाशांचा भार वाहणारे चाक धावता धावता दुभंगले, तर काय अनर्थ होईल, ते सांगावयास नको.

पूर्वी मोठ्या स्थानकांवर गाडी थांबली, की एक कामगार लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकांवर ठोके देत जाई. कुंभारवाड्यात आई माठ वाजवून घेते ना, तीच ही परीक्षा. धडधाकट चाक खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. पण आत दडलेला कण कानाला फसवितो. म्हणून आता कार्यशाळेत चाकात श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडतात; वाटेत चीर अथवा पोकळी असली, तर त्या तेथूनच परततात व यंत्रावर दिसतात.

चाकांचा ताप मुळातच कमी करण्याचे यत्नही झाले. 1929 साली विजेचा मार्ग पुण्यापर्यंत आला, तेव्हा घाटात ‘खेकडा’ या नावाने ओळखली जाणारी इंजिने होती. उतारावर त्यांची विद्युत्‌यंत्रे उलट वीज निर्माण करून तारेत परत पाठवीत व गाडीला आवरून धरीत. तेवढा ठोकळ्यांचा भार हलका होई. 1930 साली सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला 2022 साली नवे डबे मिळाले. त्यांत ब्रेक लागतो तो आसावर बसविलेल्या तबकड्यांना. घाटातली आच आता धावेऐवजी त्या तबकड्या सोसतात, आणि तपासनीस विजेरी घेऊन त्यांच्या अंगावर केसासारख्या रेषा शोधतो.