मातीचा ढीग भर पावसात पाहावा

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये बसून सगळेच सॉफ्टवेअर लिहितात असं नाही. तिथल्या एका छोट्या ऑफिसातली पर्यावरण अभियंता विदर्भातल्या खाणींची तपासणी करते. या कामातली तिची एक सही तिला अजून टोचते, आणि नव्या मुलांना शिकवताना ती सुरुवात त्या सहीपासूनच करते.

खाण चुनखडीची, चंद्रपूर जिल्ह्यातली. महिना एप्रिल. ऊन असं की गाडीतून उतरायलाच नको वाटावं. खाणीच्या कडेला काळ्या मातीचा मोठा ढीग होता, त्यावर तारीख आणि घनमीटर लिहिलेली पाटी होती. तिनं लांबून फोटो काढले, तपासणी यादीच्या रकान्यात बरोबरची खूण केली. वर्कशॉप तर गाडीतूनच पाहिलं.

जुलैत दुसऱ्याच कामासाठी ती तिथे गेली, तेव्हा रात्रभर पाऊस झाला होता. ढिगाला खोल घळी पडल्या होत्या आणि आतून पिवळट माती नि चुनखडीचे तुकडे डोकावत होते. काळी माती होती ती फक्त वरच्या थरात. डंपर धुण्याच्या रॅम्पवरचं तेलकट पाणी ढिगाच्या पायथ्याशी येत होतं आणि माती घेऊन नाल्याला मिळत होतं. एप्रिलमध्ये तिनं ‘समाधानकारक’ लिहून सही केली होती.

कायदा या बाबतीत मोघम नाही. 2017 च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनुसार वरची माती वेगळी काढायची, लगेच वापरता येत नसेल तर वेगळी साठवायची आणि खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा पसरायची. कोरपना-राजुऱ्याकडच्या ज्या काळ्या मातीत कापूस पिकतो, ती तयार व्हायला हजारो वर्षं लागली. ती मुरमात मिसळली की चाळून परत मिळत नाही.

चूक आळसाची होती, हे ती मान्य करते. पण वेळापत्रकही त्या आळसाला साथ देतं. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. एका अहवालासाठी उन्हाळ्यात जायचं, दुसऱ्यासाठी दिवाळीनंतर. ढिगाची खरी परीक्षा घेणारे चार महिने मधल्या मध्ये निसटतात.

म्हणून तिचा पहिला आग्रह: एक फेरी पावसाळ्यात हवीच. दुसरा आग्रह फावड्याचा. ढीग तीन-चार ठिकाणी हातभर खणून बघायचा, रंग बदलतो का, दगड लागतात का, कुबट वास येतो का. ढीग दोन-तीन मीटरपेक्षा उंच असला तर आत हवा पोहोचत नाही, मातीतले जीव मरतात. वर्षभर तसाच पडून राहणार असेल तर त्यावर गवत किंवा ताग, धैंचा पेरलेला हवा. भोवती चर आणि चराच्या शेवटी गाळ बसवणारी टाकी हवी. ही टाकी शेवटची कधी उपसली, हे रजिस्टरपेक्षा तिथल्या कामगाराला विचारलेलं बरं. गाळ अडवला नाही तर तो शेतात जातो: गोव्यात डिचोली-सत्तरीच्या शेतकऱ्यांनी खाणींच्या ढिगांवरून वाहून आलेला गाळ वर्षानुवर्षं शेतातून उपसला आहे.

वर्कशॉपला मात्र पायी जायचं. डिझेलच्या टाकीभोवतीच्या बंधाऱ्याला तडा आहे का आणि त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे का, ते वाकून पाहायचं. वापरलेल्या तेलाचे ड्रम छपराखाली, पक्क्या फरशीवर आहेत का, त्यांवरची तारीख 90 दिवसांच्या आतली आहे का, हेही तपासायचं. रॅम्पचं पाणी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतच जातं का, हे नकाशावर न शोधता त्या पाण्याच्या मागोमाग चालत जाऊन बघायचं.

गेल्या पावसाळ्यात ऑफिसातून निघताना तिला शेजारच्या माण गावच्या रस्त्यालगत एका इमारतीचा पाया खणला जाताना दिसला. मुळशीच्या भातखाचरातली माती आणि खालचा मुरूम एकाच डंपरमध्ये भरला जात होता. मोठ्या बांधकामांच्या पर्यावरण मंजुरीतही वरची माती जपून बागेसाठी वापरण्याची अट असते. तिनं गाडी कडेला घेतली आणि फाटकावर जाऊन विचारलं, “दादा, मातीचा ढीग कुठे ठेवलाय?”

वॉचमननं खडीच्या ढिगाकडे बोट दाखवलं.