माणूस पारखावा कामावर

दुकानात किंवा कारखान्यात माणूस ठेवताना आपल्यातले बरेच व्यापारी दोनच गोष्टी पाहतात. तो कोणाच्या ओळखीचा आहे आणि बोलतो कसा. काही मालक त्याहून पुढे जाऊन युक्त्या करतात. जमिनीवर नोट टाकून ठेवतात, उमेदवाराला मुद्दाम तासभर ताटकळत बसवतात. आम्हीही हे सारे केले आहे. त्यात आमचे काय नुकसान झाले, ते वाचक बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

आमचे दुकान पालघरला आणि कापडाचे काम तारापूर एम.आय.डी.सी.त. काही वर्षांपूर्वी कापड तपासायला चेकर हवा होता. वक्तशीरपणाची परीक्षा म्हणून आम्ही सकाळी ठीक ९ वाजता दरवाजा बंद केला. एक तरुण २० मिनिटे उशिरा पोचला. विरारकडून येणारी गाडी रखडली होती. आम्ही त्याचे काही ऐकून न घेता त्याला परत पाठवले. पुढे तोच तरुण दुसऱ्या कारखान्यात हेड चेकर झाला आणि आम्ही नेमलेल्या वक्तशीर माणसाने पास केलेले तागे गिऱ्हाइकाकडून परत येऊ लागले. आम्हाला हवी होती नजर आणि आम्ही तपासली गाडीची वेळ!

मोठ्या कंपन्याही अशा चुका करतात. गूगल कंपनी उमेदवारांना कोडी घालीत असे. त्या कोड्यांतून काहीच कळत नाही, असे तिच्याच मनुष्यबळ प्रमुखांनी २०१३ साली कबूल केले. अमेरिकेतील श्मिट आणि हंटर या संशोधकांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना पाहण्याची पद्धत अगदी वरच्या क्रमांकावर आली. २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे हिशेब पुन्हा तपासले. तेव्हा बहुतेक आकडे खाली आले, सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत पहिली ठरली, कामाचा नमुना वरच्या गटात टिकला. गप्पांवजा मुलाखत मात्र बरीच मागे पडली.

आता आम्ही असे करतो :

१) एक तागा आमचा जुना चेकर आधी तपासून दोषांची यादी करतो. तुटलेला धागा, डाग, भोक, जाड पट्टा. तोच तागा प्रत्येक उमेदवाराला तेवढाच वेळ दिला जातो. किती दोष सापडले आणि चांगल्या कापडावर किती खोट्या खुणा केल्या, दोन्ही मोजतो.

२) दोषाला गुण देताना चार-पॉइंट पद्धत समजावून सांगतो. ३ इंचांपर्यंत १, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३ आणि त्याहून लांब दोषाला ४. शिकवलेले तो किती लवकर उचलतो, ते येथे दिसते.

३) शेड जुळवायला ट्यूबलाइटखाली आणि मग दारात उजेडात तुकडे देतो. एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्यात वेगळा दिसू शकतो. लाल-हिरव्यातला फरक न दिसणे हा पुरुषांत अधिक आढळणारा जन्मजात दोष आहे. अशा माणसाला दुसरे काम द्यावे, अपमान करू नये.

४) चाचणीच्या वेळेचे पैसे देतो. चाचणीच्या नावाखाली फुकट काम करून घेणे ही बेइमानी आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. तरुणपणी मुलाखतीत मराठी-इंग्रजी बोलताना जीभ अडखळली आणि हुन्नर दाखवायची वेळच आली नाही. आज आपल्या कितीतरी मुलांचे तेच होते, आदिवासी पाड्यांवरून बोईसरला येणाऱ्या मुलांचेही होते. ताग्यापुढे उभे केले की भाषा, आडनाव, वशिला मागे राहतो.

तेव्हा पुढच्या वेळी माणूस नेमाल, तर खुर्चीवर बसवून तासभर बोलण्याआधी त्याच्या हातात काम द्या.