सुटीतील सागरपाठ : पुण्याहून वेळासच्या किनाऱ्यावर

पुणे शहरातील असंख्य कुटुंबे दरवर्षी सुटीसाठी कोकणात जातात. समुद्रस्नान, देवदर्शन व माशांचे जेवण एवढ्यावर बहुतेकांची सहल संपते. तथापि, किनाऱ्यावरील जीवसृष्टीची ओळख करून घेण्याच्या हेतूने आखलेली सहल मुलांना ज्ञान, गावाला उत्पन्न आणि वन्य जीवांना संरक्षण मिळवून देऊ शकते. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाने हे सिद्ध केले आहे.

वेळास हे पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या घराण्याचे मूळ गाव. त्यामुळे पुण्याशी त्याचे नाते जुनेच आहे. ताम्हिणी घाट उतरून हरिहरेश्वरमार्गे बागमांडल्यास यावे, तेथून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडावी, की बाणकोट व पुढे वेळास लागते.

अंड्यांचे राखणदार

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात रात्रीच्या वेळी या किनाऱ्यावर अंडी घालण्यास येतात. मादी वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभर ते दीडशे अंडी घालते, खड्डा बुजविते आणि समुद्रात परतते. पुन्हा ती त्यांच्याकडे पाहत नाही. ही अंडी पूर्वी माणसे काढून नेत. उरलेली कुत्री व कोल्हे उकरून खात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासवास संरक्षण दिले. परंतु निर्जन किनाऱ्यावर रात्री पहारा करणार कोण, हा प्रश्न होता.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थ व वन विभाग यांच्या साहाय्याने त्याचे उत्तर शोधले. पहाटे किनारा फिरून घरटी शोधावयाची, अंडी अलगद उचलून कुंपणाने सुरक्षित केलेल्या जागेत तशाच खड्ड्यात पुरावयाची, ही त्यांची पद्धत. अंड्यांतील गर्भ लवकरच कवचाच्या आतील बाजूस चिकटतो. म्हणून अंडी उलटी होऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिले वर येतात व त्यांना समुद्राकडे सोडले जाते. हे पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले, कासव महोत्सव सुरू झाला आणि ग्रामस्थांनी आपल्या घरीच पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली. अंडी खाण्यापेक्षा राखण्यात गावाचे हित आहे, हे अशा रीतीने सर्वांना पटले.

ओहोटीच्या वेळचा अभ्यास

पिले पाहावयाची असल्यास साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ योग्य होय. पिले सोडण्याच्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा सोडल्या तर उरलेला दिवस ओहोटीच्या किनाऱ्यासाठी ठेवावा. ओहोटीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना हिशेब शिक्षकांना वर्गातही उपयोगी पडेल. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास व ओहोटी बाराच्या सुमारास. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, त्या वेळी ओहोटीचे पाणीही दूरवर हटते.

उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. लहान खेकडे वाळूतील अन्नकण खाऊन उरलेल्या वाळूच्या गोळ्या टाकतात, त्यांची ती नक्षी. एखादा शंख चालू लागला, तर आत खेकडा आहे असे समजावे. मऊ पाठीच्या रक्षणासाठी तो रिकाम्या शंखात राहतो. मुलांनी पिशव्या भरून शंख नेले, तर या खेकड्यांची घरेच जातात. खाडीकाठच्या कांदळवनात चिखलावर उड्या मारणारी निवटी दिसते, तर आकाशात समुद्री गरुड व हिवाळी पाहुणे कुरव पक्षी आढळतात.

पाहुण्यांची जबाबदारी

पिले प्रकाशाच्या दिशेने चालतात. क्षितिजावरील उजेडाऐवजी विजेरी वा दिव्याचा प्रकाश दिसला, तर ती भलतीकडे जातात. म्हणून विजेरी व छायाचित्राचा झोत टाळावा, दोरीच्या मागे थांबावे, पिलांना हात लावू नये. प्लॅस्टिकचा कचरा परत न्यावा. वाळूवर वाहने नेल्यास घरटी दडपली जातात, हेही ध्यानात ठेवावे.

या किनाऱ्याचे महत्त्व गावापुरते नाही. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव ‘प्रथमा’. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील हा पहिलाच प्रयोग होता. २०२१ मध्ये ओडिशात खूण केलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचा संबंध नसावा, या समजुतीला या एका मादीने धक्का दिला.

किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी समुद्राकडील दिवे हंगामात झाकावेत, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करावा, घरगुती निवासास उत्तेजन द्यावे. पुण्यातील शाळांनी सहलीपूर्वी मुलांकडून भरती-ओहोटीचे कोष्टक तयार करून घ्यावे. एका घरट्यातील फारच थोडी पिले मोठी होतात. मादी वयात येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. आज सोडलेले पिलू अंडी घालण्यास परतेल, तेव्हा ते पाहणारी मुले मोठी झालेली असतील. त्या दिवशीही तिला मोकळा व काळोखा किनारा मिळावा, यासाठी आजची सहल उपयोगी पडली पाहिजे.