शेवटची दोन धिरडी

सकाळची वेळ होती. आम्ही एका घरी बसलो होतो. चूल पेटली होती. तव्यावर धिरडे चरचरत होते. घरधन्याला शेतावर जायचे होते. दोन्ही मुलांना शाळेची घाई होती. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. तव्यावरून धिरडे उतरले, की कुणाच्या तरी ताटात पडत होते.

सगळे जेवून उठले. पातेल्यात पाहिले, तर पीठ संपलेले! आम्ही विचारले, "बाई, तुमचे काय?"

ती हसून म्हणाली, "मला काय, चहा झाला की झालं!"

असे घर तुम्हीही पाहिले असेल. कदाचित ते तुमचेच असेल. धिरडे एकेक करून होते, आणि ते गरमच खावे असे वाटते. म्हणून करणारी मागे राहते. तर आज आपण दोन गोष्टी शिकू. धिरडे चांगले कसे करावे, आणि ते सर्वांना कसे पुरवावे.

काय काय घ्यावे?

ज्वारीचे पीठ २ वाट्या. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ १ वाटी. मेथीचा किंवा शेवग्याचा कोवळा पाला, बारीक चिरून दोन मुठी. एक कांदा, दोन मिरच्या, चार लसणाच्या पाकळ्या. थोडे जिरे, हळद आणि चवीपुरते मीठ.

ज्वारीत डाळ कशासाठी? नुसती चव यावी म्हणून नव्हे. अंग भरायला प्रथिने लागतात. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असते, ते डाळीत असते. डाळीत जे कमी, ते ज्वारीत असते. दोन्ही एकत्र आली, की एकमेकींची उणीव भरून काढतात. आपल्या आज्या हे पुस्तकात वाचून शिकल्या नव्हत्या, पण भाकरीबरोबर पिठले करीत होत्या. तेच हे.

कसे करावे?

दोन्ही पिठे एकत्र करा. पाणी एकदम ओतू नका, नाहीतर गुठळ्या होतात. आधी थोडे पाणी घालून पीठ घट्ट कालवा. मग पाणी घालीत सैल करा. तीन वाट्या पिठाला साधारण तीन वाट्या पाणी लागते. वाटीने ओतता आले पाहिजे, इतके पातळ ठेवा. पाला, कांदा, वाटलेली मिरची आणि लसूण घाला. मग पाव तास झाकून ठेवा. तेवढ्यात पीठ पाणी पिते आणि दाट होते. फार दाट वाटले, तर पाण्याचा एक हबका मारा.

तवा लोखंडी किंवा बिडाचा घ्या. तो चांगला तापू द्या. पाण्याचे थेंब टाकून पाहा. थेंब चुर्र करून नाचले, म्हणजे तवा तापला. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा. आता पीठ वाटीने ओता. कडेने सुरुवात करून मध्ये या. वर झाकण ठेवा.

थोड्या वेळाने धिरड्याला जाळी पडते. कडा सुटू लागतात. मगच उलथने घाला. आधी घाई केली, तर धिरडे तुटते. पहिले धिरडे चिकटले, तर घाबरू नका. तवा पुरता तापला नव्हता, एवढेच. कोकणात तांदळाच्या पिठाचे घावन करतात. त्यालाही तवा असाच कडक लागतो.

लहान मुलासाठी थोडे पीठ मिरची घालण्याआधीच बाजूला काढा.

आता हिशेब करू

एवढ्या पिठाची सुमारे १० धिरडी होतात. घरात माणसे ५. मग प्रत्येकाला किती? दोन. करणारीलाही दोन! पाहुणा आला, तर पीठ वाढवा. तिची दोन कमी करू नका.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी झाले, की काम करताना दम लागतो. चक्कर येते. बाळंतपणात जिवाला धोका होतो.

रक्ताला लोह लागते. ते डाळीत आणि पाल्यात असते. लोखंडी तव्यातूनही थोडे मिळते. धिरड्यावर लिंबू पिळा, म्हणजे ते लोह अंगी लागते. पण जेवणाला लागून चहा घेतला, तर लोह अंगी नीट लागत नाही. चहा तासाभराने घ्या.

दम लागत असेल, तर नुसत्या धिरड्यावर राहू नका. आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे मिळतात.

आणि बाप्यांनो, उलथने तुमच्याही हातात शोभते. शेवटची दोन धिरडी तुम्ही घाला. तिला म्हणा, "बस, आता तू जेव."

सांगा पाहू

१. ज्वारीच्या पिठात डाळीचे पीठ का घालावे?
२. तवा तापला हे कसे ओळखावे?
३. तुमच्या घरी माणसे किती? प्रत्येकाला दोन, तर धिरडी किती लागतील? वहीत लिहा.
४. काल तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवले? त्यांना काय उरले होते?