पोस्ट निघेपर्यंतचे दिवस

डिचोली, गोवा

चि. सोनूस,


तुझा मेसेज पोचला. फोनच करणार होते, पण फोनवर तू 'हो आत्या, बरोबर आहे आत्या' करत मला वाटेला लावतेस, हा नेहमीचा अनुभव. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, आणि पटलं नाही तर भांड.

तू लिहिलं आहेस, 'अभ्यासिकेत दिवसभर बसते, पण मन लागत नाही. कशातच मजा वाटत नाही. एकदा पोस्ट निघाली की सगळं ठीक होईल.' मन लागत नाही हे मी खरं मानते आणि त्याची मला काळजी वाटते. पोस्टबद्दलच्या त्या शेवटच्या वाक्यावर मात्र तुझ्याशी वाद घालायचा आहे.

पोस्ट निघावी, हे मलाही वाटतं. पण तिचा भरवसा किती, ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. राज्य लोकसेवा आयोगाची २०२४ची पूर्वपरीक्षा ऑगस्टात अगदी तोंडावर आली असताना पुढे गेली ती डिसेंबरात झाली. २०२५पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्यायांवर गोल काळे करण्यात वर्षं घालवलेल्यांनी आता पानंच्या पानं लिहायला शिकायचं. जागा काहीशे आणि अर्ज लाखांत. असल्या बेभरवशाच्या गोष्टीच्या दावणीला तू तुझं बरं वाटणं बांधून ठेवलं आहेस. परीक्षा दे, जीव तोडून दे. पण आपल्याला कधी बरं वाटायचं, याची तारीख आयोगाला ठरवू देऊ नकोस.

आणि समज, निघाली पोस्ट. पुढे काय होतं? १९७८ साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठून विचारलं, की मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, मासिक चाळणं, एखादा विनोद ऐकणं यांतून तुम्हाला किती सुख मिळतं? ज्यांना लॉटरी लागली नव्हती त्यांच्यापेक्षा या मंडळींना त्यात गोडी कमीच वाटत होती. माणसं मोजकी होती, हे खरं. अलीकडे स्वीडनमध्ये कितीतरी जास्त लॉटरीवाल्यांना पाहिलं, तेव्हा पैशामुळे आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं आणि पुढे वर्षानुवर्षं टिकलेलंही दिसलं. तेव्हा पदाने-पैशाने काही होत नाही, असलं कीर्तन मी करणार नाही. तू नायब तहसीलदार झालीस तर तुझ्या बाबांच्या डोक्यावरचं सोसायटीचं कर्ज फिटेल, आणि ते सुख काही खोटं नसेल. पण न्याहारीची चव कोणतीही पोस्ट आणून देत नाही, आणि तू तर ताटासमोर मोबाईल उभा करून लेक्चर ऐकत जेवतेस, असं तुझ्या आईकडून कळलं.

आता मला मुख्य जे सांगायचं आहे त्याकडे येते. उदास माणूस पहिलं काय करतो? टाळतो. मैत्रिणीचा फोन टाळतो, केस धुणं उद्यावर ढकलतो, संध्याकाळचा फेरफटका बंद करतो. हळूहळू दिवसात बरं वाटण्याजोगं काही उरतच नाही. मग मन आणखी खाली जातं, आणि मग आणखी टाळाटाळ. तुझंही तेच चाललं आहे. अभ्यासामुळे वेळ नाही हे तू लोकांना सांगतेस, पण फिरायला न जाऊन वाचलेला तो अर्धा तास अभ्यासात गेला का, हे तुझं तुलाच ठाऊक.

यातून सुटायचं तर मन ताळ्यावर येण्याची वाट न पाहता आधी हातपाय हलवायचे. मन मागाहून येतं. हा विचार अमेरिकेत पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात मांडला, आणि पुढे तो आमच्या गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत आला. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेच्या मंडळींनी नैराश्याने बऱ्यापैकी ग्रासलेल्या ४९५ जणांना घेऊन तो तपासून पाहिला. रुग्णांशी बोलायला बसले ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मानसोपचाराचा अनुभव नसलेली इथलीच माणसं होती, कामापुरतं प्रशिक्षण घेतलेली. सहा ते आठ बैठका. त्यांत काय करायचं, तर आपला दिवस कसा जातो ते पाहायचं, काय केलं की मन कुठे जातं ते टिपायचं, झेपेल एवढं एखादं काम ठरवून ते करायचं, आड काय येतं त्यावर तोडगा काढायचा, घरच्यांना नि शेजाऱ्यांना सोबत घ्यायचं. २०१७ साली 'द लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. तीन महिन्यांनंतर या बैठका घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं; फक्त आरोग्य केंद्रातली एरवीची सेवा मिळालेल्यांत ते प्रमाण ३९ टक्के होतं. म्हणजे सगळे बरे झाले नाहीत, हेही लक्षात घे. पण फरक केवढा!

मला त्यात पटलं ते हे, की 'आनंदी राहा' हे औषध तिथे कुणी पाजलं नाही. आम्हा निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट हा उपदेश येतो, आणि पाठवणाऱ्यांचे चेहरे पेन्शनच्या रांगेत पाहिले तर हसू येईल. आनंदी राहणं हे काम म्हणून सांगता येत नाही. काय करायचं, कुठे, कधी, कुणाबरोबर, ते सांगता येतं.

तेव्हा तुझं ते वेळापत्रक काढ. राज्यव्यवस्था, अर्थशास्त्र, चालू घडामोडी, सीसॅट, सगळ्यांना रकाने आहेत. त्यातच लिही: मंगळवार, सकाळी साडेसहा, पर्वती, रूममेटबरोबर. 'वेळ मिळाला तर फिरायला' असं लिहिशील तर ते होणार नाही. नवी पेठेतून पर्वतीचा पायथा असा कितीसा लांब? वर जाऊन सगळं पुणं खाली पसरलेलं पाहायचं, उन्हं अंगावर घ्यायची आणि उतरायचं. मनात नसलं तरी जायचं, किंबहुना नसेल तेव्हा तर नक्कीच. आणि वर पोचल्यावरही काही वाटलं नाही, तर नाही! तिथे उभं राहून 'आता मला बरं वाटतंय का' हे तपासत बसू नकोस. ही सवय फार वाईट. खाली ये, चहा पी, पुस्तक उघड. चार-पाच आठवडे असं केल्याशिवाय त्यावर मत देऊ नकोस.

जेवणाचंही तसंच. मेसला जाताना मोबाईल खिशातच राहू दे आणि कुणाच्या तरी समोर बस. २०२५च्या जागतिक आनंद अहवालात एक प्रकरणच सोबत जेवण्यावर आहे. जी माणसं इतरांबरोबर जास्त वेळा जेवतात ती आयुष्याबद्दल जास्त समाधानी असल्याचं सांगतात. समाधानी असतात म्हणून सोबत जेवतात की सोबत जेवतात म्हणून समाधानी, हे कोडं तज्ज्ञांनी सोडवावं. तुझ्या मेसमध्ये जळगावची, लातूरची, गडचिरोलीची मुलं असतील. त्यांच्याकडे आत्ता शेतात काय चाललं आहे ते विचार. कटऑफवर बोलायचं नाही, एवढीच अट घाल. कटऑफ आणि 'तुझा कितवा अटेम्प्ट' या दोन विषयांवर तुमच्या पेठांतल्या संध्याकाळी कुजत पडलेल्या असतात, असं मला दूरवरून वाटतं.

आणखी एक. तुझ्या दिवसात गुण नसलेलं असं काहीच उरलेलं नाही. वर्तमानपत्रसुद्धा तू प्रश्न येईल का या नजरेने वाचतेस. डॉ. अनिल अवचट ठाऊक आहेत ना? पुण्यात व्यसनमुक्तीसाठी 'मुक्तांगण' उभं करणारे. इतकं जड काम करणारा हा माणूस ओरिगामीचे कागद दुमडत बसायचा, लाकूड कोरायचा, बासरी वाजवायचा, आणि या छंदांविषयी त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. ते वाच असं मी म्हणत नाही, नाहीतर तू त्याच्याही नोट्स काढशील. एखादी गोष्ट हाताने कर, जी चुकली तरी कुणाचं काही बिघडत नाही. लहानपणी चंदगडला तू दारात रांगोळी काढायचीस, ठिपक्यांत गोंधळ व्हायचा नि तूच खदाखदा हसायचीस. कॉट बेसिसच्या खोलीत रांगोळीला जागा नाही म्हणशील. कागदावर काढ.

रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, हा उपाय तुझ्या त्या युट्यूबवाल्या सरांनी सांगितलाच असेल. तो वाईट नाही. पण एका अभ्यासात असं दिसलं, की चांगल्या गोष्टींची उजळणी आठवड्यातून एकदा करणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा करणाऱ्यांना नाही. रोजचं झालं की तेही एक टार्गेट होतं. तू रविवारी लिही, आणि थोडं सविस्तर लिही: काय घडलं, कुणामुळे घडलं.

आता जरा स्पष्ट बोलते. हे सगळं मन मलूल झालं असेल तेव्हासाठी. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, अन्न नकोसं वाटत असेल, रडू येत असेल किंवा नुसतं बधिर वाटत असेल, आपण नसलेलं बरं असा विचार डोकावत असेल, तर पर्वती आणि रांगोळी बाजूला. सरळ डॉक्टरकडे जायचं. सरकारची 'टेली मानस' सेवा आहे, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. आणि तो शेवटचा विचार आला, तर मलाही लगेच फोन करायचा, मी झोपलेली असेन म्हणून थांबायचं नाही. गोळ्या दिल्या तर घ्यायच्या. 'लोक काय म्हणतील' हे चंदगडच्या लोकांबद्दल असेल, तर त्यांना मी बघून घेते.

दादा रोज संध्याकाळी 'आज किती झालं' विचारतो, त्याने तुझ्या पोटात गोळा येतो, हेही कळलं. त्याला दुसरं काही विचारता येत नाही गं. आमच्या घरात 'कशी आहेस' असं पुरुषांनी कधी विचारलंच नाही. अभ्यास झाला का, पैसे पुरले का, हीच त्यांची विचारपूस. मी त्याच्याशी बोलणार आहे. तोवर तूच त्याच्या प्रश्नाआधी 'बाबा, काजूला फळ कसं धरलंय' असं विचारून टाक. अर्धा तास बोलेल, आणि आज किती झालं ते विचारायचं विसरेल.

तुझ्यासाठी कोकमाचं आगळ नि काजूगर पाठवते आहे. काजू कपाटात कुलपात ठेवून एकटीने खायचे नाहीत, मेसमधल्या मुलींना दे. मंगळवारी पर्वतीला गेलीस की नाही ते शनिवारी फोन करून सांग. दुपारी दोन ते चार मात्र नको, मी झोपते.

तुझी,
आत्या