शेतमाल वाहतुकीच्या नव्या उद्योगाची ओळख : नाव, चिन्ह आणि संकेतस्थळ

शेतात पिकलेला माल वेळेवर व धड स्थितीत बाजारात पोहोचला, तरच तो पिकविण्याचे श्रम सार्थकी लागतात. टोमॅटो, द्राक्षे, पालेभाज्या व फुले हा माल नाशवंत आहे. तोडणीनंतर तो वाटेत रखडला की प्रथम त्याचा दर्जा उतरतो आणि मागोमाग दरही उतरतो. यास्तव काही ठिकाणी गावातील तरुण व शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःच शेतमाल वाहतुकीच्या व्यवसायात उतरू लागल्या आहेत. वाहनाची निवड, कर्जाचे हप्ते, चालकाची नेमणूक या गोष्टींचा विचार ही मंडळी बारकाईने करतात. परंतु उद्योगाचे नाव, चिन्ह व संकेतस्थळ ही मात्र शेवटी घाईघाईने उरकून टाकण्याची बाब समजली जाते. ही समजूत नुकसानकारक आहे. नाव व चिन्ह ही सजावट नसून, मालाची जबाबदारी कोणाची हे सांगणारी ती खूण होय. ही खूण कशी ठरवावी, तिचे कायद्याने संरक्षण कसे करावे आणि संकेतस्थळाद्वारे ती शेतकऱ्यांपर्यंत कशी पोहोचवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओळखीची आवश्यकता

समजा, जुन्नर तालुक्यातील एका शेतकऱ्याने सायंकाळी टोमॅटोची ५० कॅरेट भरून बांधावर ठेवली आहेत. दर कॅरेटमध्ये सुमारे २० किलो याप्रमाणे हा १,००० किलो माल झाला. तो पहाटे वाशीच्या बाजार आवारात उतरावयाचा आहे. शेतकरी स्वतः मालाबरोबर जात नाही. अंधारात गाडी येते, माल भरला जातो आणि गाडी निघून जाते. पुढे आडत्याकडून आलेल्या पट्टीत ४६ कॅरेटचीच नोंद आढळली, तर उरलेल्या चार कॅरेटचे काय झाले हे विचारावयाचे कोणास? गाडीवर नाव नाही, हातात पावती नाही, चालकाचा दूरध्वनी बंद आहे. अशा वेळी नुकसान एकट्या शेतकऱ्याचे होते आणि पुढील हंगामात तो प्रत्येक नव्या वाहतूकदाराकडे संशयाने पाहू लागतो. प्रामाणिक उद्योजकालाही त्याची झळ पोहोचते.

वाहतुकीत खुणेचे महत्त्व किती असते, हे मुंबईच्या डबेवाल्यांच्या कामावरून स्पष्ट होते. १८९० साली सुरू झालेली ही सेवा डब्याच्या झाकणावर रंगविलेल्या अक्षरांवर, अंकांवर व रंगांवर चालत आली आहे. डबा कोणत्या स्थानकावर उतरवावयाचा, कोणत्या इमारतीत व कोणत्या मजल्यावर न्यावयाचा, हे त्या खुणांवरून कळते. डोक्यावरील पांढऱ्या टोपीमुळे गर्दीतही डबेवाला ओळखू येतो. या खुणा कामाच्या गरजेतून निर्माण झाल्या आणि बिनचूक कामामुळे त्यांना पत लाभली. नव्या उद्योगानेही हाच क्रम ध्यानात ठेवावा.

नावाची निवड

नाव लहान, उच्चारास सोपे व एकदा ऐकून लक्षात राहणारे असावे. ‘जलद वाहतूक’, ‘उत्तम शेतमाल सेवा’ यांसारखी नावे प्रथमदर्शनी बरी वाटतात; परंतु ती केवळ सेवेचे वर्णन करतात. असे शब्द सर्वांनाच वापरावयाचे असल्याने त्यांवर एकाच उद्योगाचा हक्क सहसा प्रस्थापित होत नाही. नुसत्या गावाच्या नावाचीही हीच अडचण आहे. देवदेवतांची नावे श्रद्धेने ठेवली जातात. तथापि एकाच बाजार आवारात त्याच नावाच्या अनेक गाड्या उभ्या असतात, त्यामुळे ओळखीचा मूळ हेतू साधत नाही.

शब्दाशी निगडित असलेल्या लोकसमजुतींचाही विचार करावा. टिटवी हा रात्री जागणारा पक्षी. रात्रीच्या वाहतुकीस हे नाव शोभेल असे शहरातील एखाद्या चित्रकारास वाटेल. परंतु खेड्यात टिटवीचे ओरडणे अशुभ मानतात. असे नाव रंगविलेली गाडी भरल्या मालापाशी उभी राहिलेली कित्येकांना रुचणार नाही. याउलट ‘कावड’ हा शब्द घ्यावा. हे नाव येथे केवळ उदाहरणादाखल दिले आहे. शब्द तीन अक्षरांचा आहे. ओझे दोन्ही बाजूंस समतोल ठेवून वाहून नेणे हा त्याचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. शिखर शिंगणापूरच्या यात्रेतील कावडींमुळे त्याविषयी आदरही आहे. आणि दोन रेषांत त्याचे चित्र काढता येते.

निश्चित करण्यापूर्वी नावाची परीक्षा घ्यावी. दहा शेतकऱ्यांना ते दूरध्वनीवरून एकदाच सांगावे व कागदावर लिहावयास लावावे. बहुतेकांनी ते बरोबर लिहिले तर नाव योग्य समजावे. तेच नाव रोमन लिपीत कसे लिहिले जाईल हेही पाहावे. ‘कावड’मधील ‘व’ रोमन लिपीत दोन निरनिराळ्या अक्षरांनी लिहिला जातो. अशा वेळी संकेतस्थळासाठी दोन्ही रूपे नोंदवून ठेवणे इष्ट होय. अन्यथा ग्राहक दुसऱ्याच दारी जाईल.

चिन्ह, अक्षरे व रंग

चिन्ह साधे असावे. ते गाडीच्या दरवाजावर रंगविले जाईल, पावतीवर रबरी शिक्क्याने उमटेल, कॅरेटवर छापले जाईल आणि मोबाईलच्या पडद्यावर नखाएवढे दिसेल. या चारही ठिकाणी जे ओळखू येईल तेच चिन्ह उपयोगी. ते प्रथम केवळ काळ्या रंगात काढून पाहावे. काळ्या रंगात न ठसणारे चिन्ह रंग भरल्याने सुधारत नाही. ट्रॅक्टर, पान, सूर्य, रस्ता व चाक या साऱ्यांची गर्दी एकाच चिन्हात करण्याचा मोह टाळावा.

गाडीवरील अक्षरे दुरून वाचता आली पाहिजेत. एक इंच उंचीचे अक्षर साधारणतः दहा फुटांवरून सुखाने वाचता येते, हा फलक रंगविणाऱ्यांचा ठोकताळा आहे. त्यानुसार पन्नास फुटांवरून नाव वाचता यावे असे वाटत असेल, तर अक्षर पाच इंच उंचीचे हवे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर व अक्षराच्या खाली मात्रा येत असल्याने दोन ओळींत पुरेसे अंतर सोडावे. रंग दोनच ठेवावेत व त्यांत स्पष्ट विरोध असावा. पांढऱ्यावर गडद निळा किंवा पिवळ्यावर काळा रंग उन्हातही ठळक दिसतो. नाव रंगविताना क्रमांकपट्टी व परावर्तक पट्ट्या झाकल्या जाणार नाहीत, याची खबरदारी घ्यावी.

अक्षरवळण निवडताना परवान्याची चौकशी करावी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने तयार केलेली ‘मुक्ता’ व ‘बालू’ ही देवनागरी अक्षरवळणे मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहेत व छपाई आणि संकेतस्थळ या दोन्हींसाठी ती वापरता येतात. चिन्ह चित्रकाराकडून करून घेतल्यास त्याचे हक्क उद्योगाकडे दिल्याचा लेख त्याच्याकडून अवश्य घ्यावा. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार असे हस्तांतरण लेखी असावे लागते. लहानमोठ्या कोणत्याही आकारात छापता येईल अशी चिन्हाची मूळ प्रतही ताब्यात घ्यावी.

व्यापारचिन्हाची नोंदणी

नाव व चिन्ह यांचे संरक्षण १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाखाली होते. मालाची वाहतूक, आवेष्टन व साठवण या सेवा वर्ग ३९ मध्ये येतात. अर्ज करण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर या वर्गातील नावांचा शोध घ्यावा. हा शोध विनामूल्य आहे. तेच किंवा कानाला तसेच वाटणारे नाव पूर्वी नोंदलेले असेल, तर गाडी रंगविण्याआधीच दुसरे नाव निवडणे शहाणपणाचे. रंगविलेल्या गाड्या, छापलेल्या पावत्या व जमलेली ओळख मागाहून पुसावी लागणे फार महागात पडते.

२०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, मान्यताप्राप्त नवउद्योग व लघुउद्योग यांना एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये आणि इतरांस ९,००० रुपये ठरविण्यात आले. अर्जाची छाननी झाल्यावर चिन्ह शासकीय पत्रिकेत प्रसिद्ध होते व त्यानंतर चार महिन्यांपर्यंत कोणासही हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांसाठी असते व तिचे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. नोंदणी झालेली नसताना चिन्ह ‘नोंदणीकृत’ असल्याचे दर्शविण्यास कायद्याने मनाई आहे, हे विसरू नये.

केवळ चिन्हाची नोंदणी केल्याने वाहतुकीचा अधिकार मिळत नाही. भाडे घेऊन सर्वांचा माल रस्त्याने नेण्याचा व्यवसाय करणाऱ्या मालवाहकाची २००७ च्या रस्ते मालवाहतूक अधिनियमाखाली स्वतंत्र नोंदणी लागते व मालाची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक असते. ही पावती हेच उद्योगाच्या ओळखीचे पहिले स्थान होय. तीवर नाव, चिन्ह, नोंदणी क्रमांक, कॅरेटची संख्या व तक्रारीसाठी दूरध्वनी ठळकपणे छापावा.

संकेतस्थळाची रचना

संकेतस्थळ म्हणजे रात्रंदिवस उघडे असलेले कार्यालय होय. तेथे येणारा शेतकरी बहुधा मोबाईलवरून, शेतातून व अपुऱ्या जाळ्यातून येतो. यास्तव पहिले पान हलके असावे. एक मेगाबाइटच्या आत ते बसविणे कठीण नाही. हलती चित्रे व आपोआप वाजणारे संगीत वर्ज्य करावे. पान उघडताच पुढील पाच गोष्टी दिसाव्यात : कोणता माल नेला जातो, कोठून कोठे, कोणत्या दिवशी, काय दराने आणि कोणत्या दूरध्वनीवर नोंदणी होते. क्रमांकावर बोट ठेवताच दूरध्वनी लागेल अशी योजना करावी.

मजकूर प्रथम मराठीत असावा. परप्रांतांतील व्यापाऱ्यांशी व्यवहार असल्यास हिंदी प्रत जोडावी. मजकूर चित्राच्या रूपाने न टाकता युनिकोड लिपीत टंकलिखित करावा. तसे केल्यासच तो शोधयंत्रास सापडतो आणि कोणत्याही मोबाईलवर नीट दिसतो. छायाचित्रे स्वतःच्याच गाड्यांची व माणसांची असावीत. उसनी छायाचित्रे पाहून बोलावलेली गाडी वेगळीच निघाली, तर विश्वास पहिल्याच दिवशी जातो.

दरपत्रक प्रति कॅरेट द्यावे, हमाली समाविष्ट आहे की नाही ते लिहावे आणि दर कोणत्या तारखेपासून लागू आहेत तेही नमूद करावे. नोंदणीच्या तक्त्यात गाव, माल, कॅरेटची संख्या, उतरविण्याचे ठिकाण व दूरध्वनी एवढीच माहिती मागावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला आहे. अनावश्यक माहिती गोळा न करणे हे त्या दृष्टीनेही हितावह आहे. माल हरवल्यास अथवा खराब झाल्यास काय करावे, याचे एक पान अवश्य असावे. मालवाहकाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी माल सोपविल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत लेखी सूचना द्यावी लागते, ही गोष्ट थोड्याच शेतकऱ्यांस ठाऊक असते. जो उद्योग ती स्वतः होऊन सांगतो, त्याच्यावर शेतकरी विश्वास ठेवतो.

मालकी व देखभाल

संकेतस्थळाच्या बाबतीत वारंवार आढळणारी चूक म्हणजे त्याचे नाव ते तयार करणाऱ्या कारागिराच्या नावे नोंदविले जाणे. पुढे तो काम सोडून गेला की संस्थेस स्वतःच्याच घराची किल्ली मिळत नाही. नावाची नोंदणी उद्योगाच्या नावे, उद्योगाच्या ई-पत्त्यावर व दूरध्वनीवर करावी. परवलीचे शब्द दोन जबाबदार व्यक्तींकडे असावेत. नोंदणीचे शुल्क मुदतीत न भरल्यास नाव कालांतराने इतरांस खुले होते; म्हणून एकदम काही वर्षांचे शुल्क भरणे सोयीचे. ‘.इन’प्रमाणेच २०१४ पासून देवनागरीतील ‘.भारत’ या अंत्यनामाखालीही नोंदणी करता येते. संकेतस्थळास सुरक्षा प्रमाणपत्र असावे. ते विनामूल्यही मिळू शकते. दर सोमवारी दर व वेळापत्रक तपासण्याचे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे. गेल्या हंगामाचे दर दाखविणारे संकेतस्थळ नसलेले बरे.

वचन आणि आचरण

शीतयंत्र नसलेल्या गाडीवर ‘शीतवाहन’ लिहू नये. रात्री कोणी दूरध्वनी उचलणार नसेल तर ‘अहोरात्र सेवा’ असे छापू नये. जेवढे पाळता येईल तेवढेच सांगावे. पहाटे चार वाजता माल उतरवू असे लिहिले असेल, तर गाडी घाटात अडकताच शेतकऱ्यास व आडत्यास तत्काळ कळवावे. उशीर क्षम्य ठरू शकतो. मौन क्षम्य ठरत नाही.

करावयाच्या कामांचा क्रम

१. नावाची निवड करून दहा शेतकऱ्यांकडून परीक्षा घ्यावी.
२. वर्ग ३९ मध्ये शोध घ्यावा व संकेतस्थळाचे नाव उद्योगाच्या नावे नोंदवावे.
३. चिन्ह काळ्या रंगात तपासावे व त्याचे हक्क लेखी घ्यावेत.
४. व्यापारचिन्हाचा अर्ज व मालवाहक म्हणून नोंदणी करावी.
५. प्रथम पावती छापावी, नंतर गाडी रंगवावी.
६. संकेतस्थळ शेतात उभे राहून मोबाईलवर उघडून पाहावे.

या क्रमाने काम केल्यास फारसा खर्च येत नाही. बांधावर भरून ठेवलेला माल अंधारात ज्याच्या हवाली करावयाचा, तो कोण आहे हे शेतकऱ्यास ठाऊक असणे ही वाहतुकीच्या व्यवसायातील पहिली गरज आहे. नाव, चिन्ह व संकेतस्थळ ही ती गरज भागविण्याची साधने होत. त्यांना किंमत येते ती मात्र दर खेपेस पोहोचलेल्या पुऱ्या पन्नास कॅरेटमुळे.